आठवण कुठल्या चेतापेशीत जायची, हे कोण ठरवतं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूत आठवणी कुठे साठतात, हा प्रश्न जुना. त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न मात्र बराच काळ फारसा कुणी विचारलाच नाही. तिथेच का? शेजारी अगदी तसाच दिसणारा, तशीच जोडणी असलेला न्यूरॉन (म्हणजे चेतापेशी) मोकळा बसलेला असताना ही आठवण याच न्यूरॉनला का मिळाली? गेल्या वीसेक वर्षांत याची बरीच ठोस उत्तरं हाती आली आहेत. विषय निघाला की लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेत तर जास्त उलगडेल, पण सक्ती नाही.

आठवण ठरावीक पेशींत असते? मला तर वाटायचं, ती मेंदूभर पसरलेली असते.

दोन्ही खरं आहे. एकाच प्रसंगातलं दृश्य, आवाज, वास, जागा आणि पोटात आलेला गोळा हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत नोंदलं जातं. त्या अर्थाने आठवण विखुरलेली. पण त्यातला कुठलाही एक भाग घेऊन जवळून पाहिलं, तर तिथल्या पेशींपैकी थोड्याच त्या आठवणीच्या वाट्याला आलेल्या दिसतात.

इथवर यायला शास्त्रज्ञांना बरेच हेलपाटे पडले. आठवणीमुळे मेंदूत उमटणाऱ्या खुणेला ‘एन्ग्रॅम’ हे नाव जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड सेमॉन यांनी १९०४ साली दिलं, पण तेव्हा कुणी त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढे अमेरिकेत कार्ल लॅश्ली यांनी कित्येक वर्षं उंदरांना भूलभुलैयातून वाट काढायला शिकवलं आणि मग मेंदूच्या बाहेरच्या थराचे निरनिराळे तुकडे काढून पाहिले. कुठलाही एक तुकडा काढला तरी शिकलेलं पुरतं पुसलं जाईना. १९५० मध्ये त्यांनी जवळपास हात टेकले. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, अपस्मारावर उपाय म्हणून हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूच्या आत खोलवर असलेल्या एका भागाचा) मोठा हिस्सा काढण्यात आला, आणि त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या लक्षातच राहीनात. २००८ मध्ये तो वारला, तोपर्यंत हीच स्थिती होती. मेंदूतल्या जागेला महत्त्व आहे हे त्याच्यामुळे पक्कं झालं. एकेका पेशीपर्यंत पोहोचायला मात्र आणखी अर्धं शतक गेलं.

एका आठवणीला किती न्यूरॉन लागतात?

भागाभागावर अवलंबून आहे. भीतीच्या आठवणींसाठी महत्त्वाच्या असलेल्या अमिग्डलाच्या बाजूच्या भागात (लॅटरल अमिग्डला) साधारण १० ते २० टक्के. हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर असलेल्या डेंटेट जायरसमध्ये याहून बरेच कमी, अवघे काही टक्के.

खरी मेख पुढे आहे. आवाज आणि विजेचा झटका यांची सांगड शिकताना अमिग्डलाच्या या भागातल्या सुमारे ७० टक्के पेशींना त्याची खबर मिळते. म्हणजे पात्र उमेदवार ७० आणि जागा फार तर २०. निवड होते ती इथे, आणि या पानावरचे बाकी सगळे प्रश्न त्या निवडीचेच आहेत.

मग निवड कशाच्या जोरावर होते?

त्या घटकेला कोण जास्त ‘तयार’ आहे, यावर. शास्त्रीय भाषेत याला उत्तेजनक्षमता म्हणतात, पण ‘तयारी’ हा शब्द पुरेसा आहे.

एका न्यूरॉनच्या आत डोकावू. निवांत असताना त्याच्या आतला विद्युतदाब बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. इतर पेशींकडून संदेश येऊ लागले की हा आकडा वर सरकतो. उणे ५५च्या जवळ पोहोचला की ठिणगी पडते आणि न्यूरॉन फायर होतो, म्हणजे पुढच्या पेशींना संदेश धाडतो. फायर झाल्यावर पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि पेशीला काही काळ पुन्हा खाली दाबून धरतात. ही सक्तीची विश्रांती प्रत्येक पेशीत सारखी नसते.

आता असे दोन न्यूरॉन शेजारी शेजारी आहेत असं समजा. दोघांना एकच संदेश, एकाच क्षणी मिळतो. एकाची विश्रांती लांबलचक, तो एकदा फायर होऊन गप्प. दुसऱ्याची विश्रांती छोटी, तो त्याच संदेशावर चार-पाचदा फायर होतो. शिकण्याच्या त्या काही क्षणांत जो जास्त फायर होतो, त्याच्या जोडण्या घट्ट होतात आणि आठवण त्याच्या खात्यावर जमा होते. पहिल्यात काहीही खोट नव्हती, त्याची वेळ तेवढी चुकली.

लोकांना हे उत्तर थोडं निराश करतं, असा माझा अनुभव आहे. आपल्या आठवणींसाठी मेंदू काहीतरी खास, विचारपूर्वक जागा राखून ठेवत असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ‘आत्ता जागं कोण आहे?’ एवढ्यावर बरंच काही ठरतं.

हे सिद्ध कसं केलं?

याची सुरुवात एका न जुळणाऱ्या हिशेबातून झाली. शीना जॉसलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये उंदरांच्या अमिग्डलात क्रेब नावाचं प्रथिन वाढवलं आणि भीतीची आठवण जास्त पक्की झाली. यात नवल वाटायचं कारण नव्हतं, टिकाऊ आठवणींना क्रेब लागतं हे आधीच माहीत होतं. पण प्रथिन पोहोचवणारा विषाणू फार थोड्या पेशींत शिरला होता. मूठभर पेशी बदलल्या आणि सगळी आठवण सुधारली, हे कसं? कुठल्या तरी योगायोगाने आठवण नेमकी त्याच पेशींत गेली होती, की क्रेब वाढल्यामुळे तिनेच त्या पेशी गाठल्या?

याचा छडा २००७ मध्ये लागला. टोरांटोत जॉसलिन आणि लॉस अँजेलिसमध्ये अल्सिनो सिल्वा यांच्या गटांनी मिळून तो प्रयोग केला. विषाणूमार्फत अमिग्डलातल्या थोड्या पेशींत जास्तीचं क्रेब घातलं आणि त्या पेशी चमकून दिसाव्यात अशी खूणही घातली. मग उंदराला खोक्यात ठेवून एक सूर ऐकवला आणि पायाला विजेचा सौम्य झटका दिला. पुढे नुसता सूर ऐकवला तरी उंदीर जागच्या जागी थिजतो. श्वासाची हालचाल सोडली तर मिशीचा केससुद्धा हलत नाही. सूर ऐकवून झाल्यावर काही मिनिटांतच मेंदू तपासला, कारण आर्क नावाचं एक जनुक नुकत्याच कामाला लागलेल्या पेशींत जागं होतं आणि पहिली काही मिनिटं त्याची खूण केंद्रकातच सापडते. कुठली पेशी आत्ता आठवण काढत होती, हे त्यावरून कळतं.

चमकणाऱ्या पेशी आणि आर्कची खूण असलेल्या पेशी एकमेकांवर ठेवून पाहिल्या. जास्तीचं क्रेब असलेल्या पेशी शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आठवणीत सामील झालेल्या होत्या. उलट, ज्या पेशींत क्रेबचं काम बिघडवलं होतं त्या बाहेर फेकल्या गेल्या. आणि या प्रयोगातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे सामील पेशींची एकूण संख्या जवळजवळ तेवढीच राहिली. क्रेब घातलं म्हणून जागा वाढल्या नाहीत, काही जण आत आले तसे काही जण बाहेर गेले. नुसती भरती असती तर आकडा वाढला असता. ही स्पर्धा होती.

पण त्या पेशी तिथे नुसत्या हजर असतील. आठवण त्यांच्यातच आहे, हे कशावरून?

चांगला प्रश्न. उपस्थिती म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी २००९ मध्ये जॉसलिन यांच्या गटाने त्याच पेशी मारून पाहिल्या.

युक्ती अशी. घटसर्पाच्या जिवाणूचं विष माणसाला घातक, पण उंदराच्या पेशींवर ते चालत नाही, कारण विषाला आत शिरायला लागणारं दार त्यांच्याकडे तसं नसतं. संशोधकांनी जनुकीय कारागिरी करून ते दार फक्त जास्तीचं क्रेब असलेल्या पेशींत बसवलं. उंदीर सुराला घाबरायला शिकला, मग विष टोचलं. नेमक्या त्या पेशी गेल्या आणि सुराची भीतीही गेली. तेवढ्याच संख्येने भलत्याच पेशी मारल्या तर भीती जशीच्या तशी राहिली. आणि ज्यांची भीती गेली होती त्या उंदरांना नव्याने शिकवलं तर ते पुन्हा घाबरायला शिकले, म्हणजे अमिग्डला निकामी झालेला नव्हता.

त्याच वर्षी सिल्वा यांच्या गटाने पेशी न मारता त्यांना तात्पुरतं गप्प करून असाच परिणाम दाखवला.

क्रेब म्हणजे नेमकं काय?

पेशीच्या केंद्रकात बसून इतर जनुकं चालू करणारं प्रथिन. एरिक कँडेल यांना २००० साली ज्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यातून हे स्पष्ट झालं की काही तास टिकणारी आठवण आणि दिवसेंदिवस टिकणारी आठवण यांत नवी प्रथिनं तयार होण्याचा फरक असतो. ती तयार करवून घेणाऱ्यांत क्रेबचा मोठा वाटा आहे. क्रेबमध्ये दोष असलेल्या उंदरांच्या टिकाऊ आठवणी कच्च्या राहतात, हे १९९४ पासून माहीत आहे.

निवडीच्या बाबतीत मात्र क्रेबचं काम वेगळं आहे. क्रेब वाढलं की पेशी जास्त सहज फायर होते, वर सांगितलेली सक्तीची विश्रांती आखडते. निवड होते ती या तयारीमुळे. २०१४ मध्ये क्रेबला हातही न लावता, दुसऱ्याच मार्गांनी काही पेशींची तयारी शिकण्याच्या ऐन आधी वाढवली, तरी आठवण त्यांच्याचकडे गेली.

प्रयोगात बाहेरून ढवळाढवळ केली. एरवी, आपोआप, कोण तयार असतं?

एरवीही पेशींची तयारी सतत खालीवर होत असते. यातलं सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणजे नुकतीच दुसरी एखादी आठवण मिळालेली असणं. ज्या पेशीने थोड्या वेळापूर्वी काही शिकलं, ती पुढचे काही तास जास्त तयार राहते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकीच्या पेशी गप्प का बसतात? सगळ्यांनीच नोंद घेतली तर काय वाईट?

त्या बसत नाहीत, त्यांना बसवलं जातं. ज्या पेशी आधी आणि जोरात फायर होतात, त्या आजूबाजूच्या दमनकारी न्यूरॉनना कामाला लावतात आणि ते शेजाऱ्यांचा आवाज दाबतात. अमिग्डलातल्या या दमनकारी पेशी शिकतेवेळी गप्प केल्या, तर आठवणीत सामील होणाऱ्या पेशींची संख्या फुगते.

सगळ्यांनीच सगळं नोंदवलं, तर कुठल्याही दोन आठवणी वेगळ्या ओळखता येणार नाहीत. प्रत्येक फोटो एकाच कागदावर छापत राहिलात, तर शेवटी हातात काळा कागद उरेल.

म्हणजे एका पेशीत एक आठवण, असं आहे का? ‘आजीची पेशी’ वगैरे ऐकलं आहे.

नाही. एक पेशी अनेक आठवणींत भाग घेते आणि एक आठवण अनेक पेशींत वाटलेली असते. ‘आजीची पेशी’, म्हणजे जी गेली तर फक्त आजीच आठवणार नाही अशी पेशी, ही मुळात थट्टेने मांडलेली कल्पना होती.

गोंधळ वाढला तो २००५ मधल्या एका शोधनिबंधामुळे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत तारा बसवाव्या लागतात. तेव्हा रॉड्रिगो कियान किरोगा, इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी एकेकट्या न्यूरॉनचं काम ऐकलं. एका रुग्णातला न्यूरॉन जेनिफर अ‍ॅनिस्टन या अभिनेत्रीच्या वेगवेगळ्या फोटोंवर उसळत होता आणि इतर फोटोंवर शांत होता. दुसऱ्या एका रुग्णातला न्यूरॉन हॅली बेरी या अभिनेत्रीच्या फोटोंवर तर उसळायचाच, तिचं नुसतं लिहिलेलं नाव दाखवलं तरी उसळायचा. बातम्यांनी याची ‘एका नटीची पेशी’ करून टाकली. पण रुग्णाला तेवढ्या वेळात फार तर काहीशे चित्रं दाखवता येतात. त्यातल्या एकाला प्रतिसाद देणारी पेशी सापडली, याचाच अर्थ अशा पेशी पुष्कळ असणार आणि प्रत्येकीची आवड एकाहून जास्त गोष्टींत असणार. तसं नसतं, तर ती सापडणं म्हणजे लॉटरीच.

एकाच दिवशी घडलेल्या गोष्टी एकमेकींना चिकटून का आठवतात?

या पानावरचा माझा आवडता प्रश्न. एखाद्या वाईट बातमीचा फोन येतो आणि मग वर्षानुवर्षं, त्याच दिवशी तासाभरापूर्वी घडलेली एखादी क्षुल्लक गोष्ट, पायात कुठल्या चपला होत्या हेसुद्धा, तिच्यासोबत वर येतं. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. काळाची जवळीक तेवढी असते.

वर म्हटलं, की नुकतंच शिकलेली पेशी काही तास जास्त तयार राहते. मग त्या काही तासांत दुसरं काही घडलं तर ते कुणाकडे जाईल? अर्थातच तिच्याकडे. दोन आठवणींच्या पेशी सामाईक होतात आणि एक चाळवली की दुसरी जागी होते.

हे २०१६ मध्ये डेनिस काय, सिल्वा आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. उंदराच्या डोक्यावर जेमतेम तीनेक ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक बसवला. उंदराचंच वजन २०-३० ग्रॅम, म्हणजे हे लहान ओझं नव्हे. पेशी फायर झाली की कॅल्शियम आत येतं आणि आधीच घातलेलं प्रथिन हिरवं लकाकतं, त्यामुळे हिंडत्याफिरत्या उंदरात शेकडो पेशी एकदम दिसतात. उंदराला तीन वेगवेगळी खोकी दाखवली. पहिलं दाखवल्यावर सात दिवसांनी तिसरं, आणि दुसरं दाखवल्यावर पाच तासांनी तिसरं. पाच तासांच्या जोडीत सामाईक पेशी जास्त, सात दिवसांच्या जोडीत कमी. मग झटका फक्त तिसऱ्या खोक्यात दिला. नंतर उंदीर तिसऱ्यात थिजला हे ठीकच. तो दुसऱ्यातही थिजला, जिथे त्याला काहीच झालं नव्हतं. पहिल्यात मात्र तेवढा घाबरला नाही.

जॉसलिन यांच्या गटालाही त्याच वर्षी अमिग्डलात असंच दिसलं. दोन भीतीदायक प्रसंगांत ६ तासांचं अंतर असलं की पेशी त्याच, २४ तासांचं असलं की वेगळ्या. आणि पेशी सामाईक असल्या, तर एका सुराची भीती सवयीने कमी केली की दुसऱ्याचीही कमी होत होती.

ही मुदत संपते कशी? नाहीतर आठवणींची एक न संपणारी साखळीच होईल.

ती मुद्दाम बंद केली जाते. सीसीआर५ हे प्रथिन प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे, कारण एचआयव्ही विषाणू पेशीत शिरताना त्याचा आधार घेतो. २०२२ मध्ये सिल्वा यांच्या गटाने दाखवलं की काही शिकल्यानंतर अर्ध्या ते एका दिवसात हिप्पोकॅम्पसमध्ये या प्रथिनाचं काम वाढतं आणि पेशींची वाढलेली तयारी खाली आणतं. ते अडवलं तर दार जास्त वेळ उघडं राहतं आणि बऱ्याच अंतराने घडलेल्या गोष्टीही जोडल्या जातात.

वय वाढलं की काय होतं?

म्हाताऱ्या उंदरांत पेशींची तयारी एकूणच कमी असते. २०१६च्या त्याच प्रयोगात त्यांना प्रत्येक खोकं वेगळं लक्षात राहत होतं, पण पाच तासांनीही दोन खोकी जोडली जात नव्हती. काही पेशींची तयारी कृत्रिमरीत्या वाढवल्यावर जोडणी परत आली. मध्यमवयीन उंदरांना माराव्हिरॉक दिल्यावरही सुधारणा दिसली. हे औषध सीसीआर५ अडवतं आणि एचआयव्हीच्या उपचारासाठी आधीपासूनच वापरात आहे.

स्पष्टच सांगतो, स्मरणशक्तीसाठी हे औषध मनाने घेण्याचा विचारही करू नका. उंदराला खोकं आठवणं आणि माणसाला चष्मा कुठे ठेवला ते आठवणं यांत बरंच अंतर आहे.

पेशीत नक्की साठतं तरी काय?

पेशीच्या पोटात चित्र किंवा वाक्य नसतं. बदलतात त्या पेशी-पेशींमधल्या जोडण्या, म्हणजे सिनॅप्स. एकत्र फायर होणाऱ्या पेशींचं नातं घट्ट होत जातं, हे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलं आणि टिम ब्लिस व टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं.

पण एक कोडं आहे. सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांना शिकवल्यावर लगेच औषध देऊन नवी प्रथिनं बनू दिली नाहीत. जोडण्या घट्ट झाल्या नाहीत आणि उंदीर विसरले, अपेक्षेप्रमाणेच. मात्र शिकताना जाग्या झालेल्या पेशींवर खूण केलेली होती. त्या प्रकाशाने चेतवल्या, तर उंदीर थिजले. आठवण होती, नेहमीच्या वाटेने तिच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. म्हणजे कुणाशी कुणाची जोडणी आहे यातही काहीतरी साठतं, जोडणी किती घट्ट आहे एवढ्यावर सगळं भागत नाही. अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांतही याच गटाने पुढच्या वर्षी असंच काहीसं दाखवलं.

प्रकाशाने पेशी चेतवतात म्हणजे काय करतात? आणि खोटी आठवण घालता येते हे खरं का?

शेवाळात प्रकाश ओळखणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक न्यूरॉनमध्ये घातलं, की बारीक काचेच्या तंतूतून निळा प्रकाश सोडल्यावर तो न्यूरॉन फायर होतो. हे जनुक फक्त ठरावीक वेळी जाग्या असलेल्या पेशींतच चालू व्हावं, अशी सोय करता येते. उंदराच्या खाण्यात डॉक्सिसायक्लिन असेपर्यंत खूण होत नाही. ते बंद करून उंदराला एखादा अनुभव दिला, की त्या वेळी जागी झालेली प्रत्येक पेशी खुणावली जाते.

खोटी आठवण उंदरांत घालून झाली आहे, २०१३ मध्ये. आधी निरुपद्रवी खोक्यात उंदीर फिरवून त्याच्या पेशी खुणावल्या. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच खोक्यात, त्या पेशी प्रकाशाने जागवत असतानाच, झटका दिला. नंतर उंदीर पहिल्या खोक्यात थिजला. तिथे झटका बसल्याची आठवण त्याच्याकडे होती, झटका मात्र कधी बसला नव्हता.

आठवण कायम त्याच पेशींत राहते का?

नाही, आणि इथे चित्र थोडं गढूळ होतं. उंदीर तीच ओळखीची जागा रोज फिरत असताना हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी ४५ दिवस पाहिल्या, तर कुठल्याही दोन दिवसांत सामाईक पेशी १५ ते २५ टक्केच निघाल्या. बाकीचा संच बदलता. पण जे सामाईक होते त्यांनी आपापली जागा सोडली नाही आणि नकाशा टिकायला तेवढे पुरले.

जुन्या होणाऱ्या आठवणीचा भार हिप्पोकॅम्पसकडून कपाळामागच्या भागाकडे सरकतो, हेही दिसलं आहे. त्यात आश्चर्याची बाब अशी, की तिथल्या पेशी पहिल्याच दिवशी नेमलेल्या असतात. दोनेक आठवडे त्या मुक्या राहतात आणि मग हळूहळू कामावर येतात.

माणसात यातलं काय सिद्ध झालं आहे?

थोडं. माणसाच्या मेंदूत विषाणूने प्रथिनं घालून आणि पेशी मारून पाहता येत नाही, हे उघड आहे. पण अपस्माराच्या रुग्णांत २०१५ मध्ये एक सुंदर निरीक्षण झालं. एका ओळखीच्या व्यक्तीला प्रतिसाद देणारा न्यूरॉन होता. त्या व्यक्तीला आयफेल टॉवरसारख्या प्रसिद्ध ठिकाणी उभं केलेलं जोडचित्र दाखवलं. रुग्णाने ती जोडी लक्षात ठेवताच तो न्यूरॉन नुसतं ठिकाण दाखवल्यावरही फायर होऊ लागला. काही मिनिटांचा खेळ.

तयारी, क्रेब, तासांची मुदत हा सगळा तपशील मात्र उंदरांतूनच आलेला आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन, उंदराच्या सातेक कोटी. यंत्रणा सारखी असावी असं मानायला आधार आहे, तासांचे आकडे सारखे असतील असं मी धरून चालणार नाही.

याचा अभ्यासासाठी काही उपयोग? दोन विषय एकत्र वाचावेत की अंतर ठेवून?

या प्रयोगांवरून वेळापत्रक आखू नका. उंदराला खोकी दाखवणं म्हणजे परीक्षेची तयारी नव्हे. एकाच गोष्टीची अंतर राखून उजळणी करणं फायद्याचं असतं, हे माणसांवरच्या स्वतंत्र अभ्यासांतून पूर्वीपासून माहीत आहे. त्यासाठी क्रेबची साक्ष काढायची गरज नाही.

मेंदूतली जागा भरून जाईल का?

नाही. पेशी वाटून वापरल्या जातात, त्यामुळे ‘एक आठवण, एक खोली’ असा हिशेब लागूच होत नाही.

सामील होतात १०-२० टक्के पेशी. म्हणजे ‘आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो’ हे खरं?

अजिबात नाही. तो आकडा एका भागातल्या एका आठवणीचा आहे. दुसऱ्या आठवणीला दुसऱ्या पेशी लागतात.

नकोशी आठवण निवडून पुसता येईल का?

उंदरात २००९ मध्ये पुसली, पण ती पेशी मारून, आणि त्या पेशी आठवण बनण्याआधीच हेरून ठेवलेल्या होत्या. तुमची नकोशी आठवण आधीच बनलेली आहे आणि तिच्या पेशींवर कुणी खूण केलेली नाही. शिवाय त्याच पेशींत त्या सुमाराच्या इतर गोष्टीही असणार. वाईट दिवसासोबत त्या दिवशीचं आणखी काय काय जाईल, हे आधी सांगता यायचं नाही.

हीच आठवण शेजारच्या पेशीत गेली असती, तर काही बिघडलं असतं का?

आठवणीच्या आशयात बहुधा काही नाही. २००७च्या प्रयोगात कुठल्या पेशी निवडल्या जाणार, हे विषाणू कुठे शिरला यावर ठरलं होतं, आणि तरीही उंदीर त्याच सुराला घाबरला. सूर कसा होता, कुठे ऐकला, यात पेशी बदलल्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो संगतीत. कुठली पेशी मिळाली, यावरून त्या आठवणीला शेजारी कोण मिळणार ते ठरतं. पाच तासांपूर्वीच्या खोक्यात थिजून उभा राहिलेला तो उंदीर आठवा. त्या खोक्यात त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. झटक्याची आठवण चार पेशी पलीकडे गेली असती, तर तो तिथे मिशा साफ करत बसला असता.